भट्टीतला बटाटा

पंचवीस वर्षं भट्टीवर काढल्यावर कंपनीने माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला आणि रंगीत कागदात गुंडाळलेलं एक मोठं खोकं दिलं. घरी आणून उघडलं तर आत ओव्हन. मी बायकोला म्हणालो, "बघ, जन्मभर भट्टीसमोर उभं केलं आणि बक्षीस काय दिलं, तर भट्टीच!" तिने ते खोकं माळ्यावर टाकायचं ठरवलं. ओट्यावर जागा नाही, वीज फार खातं, आणि आपल्याकडे केक खातंय कोण, असे तिचे तीन मुद्दे होते. तिन्ही बरोबर होते. पण एखादी वस्तू माळ्यावर टाका असं मला कोणी म्हटलं की ती लगेच हवीशी वाटते, म्हणून मी त्याच संध्याकाळी मिक्सर हलवून तिथे ओव्हन बसवला.

मी भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये आहे. गाड्यांचे गिअर आणि शाफ्ट आमच्याकडे येतात. आम्ही ते लालभडक होईपर्यंत तापवतो, तेलात बुडवून कडक करतो आणि मग दुसऱ्या, मंद भट्टीत घालून त्यांचा ठिसूळपणा काढतो. ह्या दुसऱ्या कामाला टेंपरिंग म्हणतात. आमच्या बऱ्याचशा मालाचं टेंपरिंग एकशे ऐंशी डिग्रीला होतं. हा आकडा मी इतकी वर्षं रोज लिहितोय की झोपेत विचारलात तरी सांगेन.

तर झालं असं, की माझी मुलगी हिंजवडीच्या पुढे माणच्या बाजूला कामाला जाते. तिथे कोणाच्या तरी पार्टीत तिने बटाटा आणि चीजचा एक पदार्थ खाल्ला आणि घरी येऊन मोबाइलवर त्याची कृती दाखवली. त्याला म्हणे कॅसरोल म्हणतात. आमच्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा, त्यामुळे बायकोला ते काही पटेना. माझं मात्र लक्ष शेवटच्या ओळीवर होतं. एकशे ऐंशी डिग्री, पाऊण तास. मला हसूच आलं. पोरीला म्हटलं, "सरक. हे बायकांचं काम नाही, हे माझं काम आहे." दोघी माझ्याकडे अशा बघत राहिल्या की आता माघार घेणं शक्य नव्हतं.

कृती सोपी आहे असं लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातंय! चकत्या चार मिलिमीटरच्याच हव्यात. ह्या चार मिलिमीटरवरून घरात अजून माझी थट्टा होते, कारण पहिल्या वेळी मी जाडी मोजायचं व्हर्निअर घेऊन बसलो होतो. पण मला सांगा, एक चकती तीनची आणि दुसरी सहाची असेल, तर दोन्ही एकाच वेळी कशा शिजतील? चकत्या मिठाच्या पाण्यात अर्ध्याकच्च्या उकडायच्या. लोण्यात मैदा परतून त्यात दूध घालायचं आणि हलवत हलवत दाटसर सॉस करायचा. त्यात मिरपूड आणि लसूण-मिरचीचा ठेचा. ठेचा मूळ कृतीत नव्हता, तो माझा. मग ट्रेमध्ये चकत्यांचा थर, त्यावर सॉस, त्यावर किसलेलं चीज, पुन्हा चकत्या, असं करत वरपर्यंत यायचं. ट्रे फॉइलने झाकायचा आणि शेवटची दहा मिनिटं फॉइल काढायची, म्हणजे वरचं चीज तांबूस होतं आणि ट्रेच्या कडेला कुरकुरीत पापुद्रा येतो. त्या कडेच्या तुकड्यांवरून आमच्या घराण्यात अबोला धरला गेलेला आहे.

ओव्हनच्या बटणावर एकशे ऐंशी लिहिलंय म्हणून आतही तेवढंच असेल, असं मानणारा माणूस भट्टीवर टिकत नाही. सुपरवायझरला विचारून मी तापमान मोजायची तार एका रविवारी घरी आणली आणि ओव्हनच्या आत सोडली. आत निघाले एकशे पासष्ट. तेव्हापासून बटण दोनशेच्या जरा अलीकडे लावायचं असतं, आणि तिथे मी मार्करने रेघ मारून ठेवलेली आहे. ती रेघ पुसायची कोणाची हिंमत नाही.

आमच्या शॉपचा एक नियम आहे, तो मी घरीही लावला. नवा माल आला की सगळी भट्टी भरायची नाही. आधी एकच नग पूर्ण प्रक्रियेतून काढायचा आणि तपासणीवाल्याकडे द्यायचा. तो कडकपणा बघतो, कापून बघतो आणि पास म्हणतो. त्याने पास म्हटल्याशिवाय लाइन चालू होत नाही. ह्याला आम्ही फर्स्ट पीस म्हणतो. मी घरीही आधी वाटीएवढ्या भांड्यात थोडासा बटाटा करून बघायचो. पहिला करपला, दुसरा कच्चा राहिला, तिसरा इतका खारट झाला की मी तो हट्टाने एकट्याने संपवला आणि रात्रभर पाणी पीत बसलो. चौथ्याला बायकोने दोनदा वाढून घेतलं. तिने कौतुक केलं नाही, पण मिक्सर कायमचा खालच्या कपाटात गेला.

मग मात्र मी सुटलो. बारसं असो, वास्तुशांत असो, कोणाच्या रिटायरमेंटचं जेवण असो, घरातलं चार माणसांचं काहीही ठरलं की फोन यायचा, "भट्टीतला बटाटा आहे ना?" हे नावही मीच ठेवलेलं. एका चुलतभावाने तर मुलीच्या साखरपुड्याचा मेनू माझ्या सुट्टीप्रमाणे ठरवला. मी आधी दोन वेळा नाही म्हणायचो, तेवढा मान घ्यायला हवाच, आणि मग ट्रे टॉवेलमध्ये गुंडाळून गाडीत मांडीवर घेऊन बसायचो. खोटं कशाला बोलू, मला अभिमान होता. माझ्या भट्टीतून निघालेले गिअर कुठल्या गाड्यांमध्ये फिरतायत हे मला कधी कळलं नाही, पण हा माल खाणाऱ्यांची तोंडं मला समोर दिसत होती.

सगळ्यांची दिसत होती, एक सोडून. माझ्या मोठ्या बहिणीने, आक्काने, सहा वर्षांत तो एकदाही चाखला नव्हता.

आक्का राजगुरुनगरच्या पुढे एका वाडीत असते. ती आणि दाजी शेती करतात, पावसाळ्यात बटाटा आणि नंतर कांदा. आईवडील गेल्यावर मोशीतला माझा फ्लॅट हेच तिचं माहेर झालं. ती यायची, दर कार्यक्रमाला यायची, पण पिशवी खाली ठेवली की पदर खोचून थेट स्वयंपाकघरात. तिथून ती बाहेर येते ती हातात डाव घेऊनच. आधी पुरुष आणि पोरं जेवणार, मग पाहुण्या बायका, मग घरच्या, आणि सगळ्यात शेवटी आक्का. तोवर माझ्या ट्रेमध्ये खरवडलेल्या रेघा तेवढ्या उरलेल्या असायच्या. एकदा मी तिच्यासाठी वाटीभर काढून कपाटात लपवून ठेवलं. तिने ते शोधून काढून कोणाच्या तरी नातवाला भरवलं आणि वर मलाच विचारलं, "कपाटात इसरला व्हतास का रं?"

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? बहीण आहे, पुढच्या वेळी खाईल. पण ते तसं नव्हतं.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईला दम्याचा त्रास, चुलीचा धूर तिला सोसायचा नाही. आक्काने सातवीनंतर शाळा सोडली आणि चूल सांभाळली. संध्याकाळी भाकरी झाल्या की ती गरम राखेत बटाटे पुरायची. मी तिथेच उकिडवा बसून राहायचो. ती चिमट्याने बटाटा बाहेर काढायची, फुंकर मारत साल काढायची आणि मीठ लावून माझ्या हातावर ठेवायची. मी म्हणायचो, "तुला?" ती म्हणायची, "माजं प्वाट भरलंय." मी तिच्यावर विश्वास ठेवून दुसराही खायचो. तिचं पोट कशाने भरलं होतं, हे विचारायचं मला वीसेक वर्षं सुचलं नाही. पुढे मी आयटीआय केली, नोकरीला लागलो, माझे डबे, माझे कपडे, माझी शिफ्ट ह्यातच राहिलो. आणि जेव्हा सुचलं, तेव्हा विचारायची लाज वाटायला लागली. आक्काने माझ्या भट्टीतला बटाटा गरम असताना, सगळ्यांच्या आधी, बसून खावा, एवढंच मला हवं होतं. बाकीच्यांनी केलेलं कौतुक मला त्याच्यापुढे कमीच पडायचं.

तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला सगळे आमच्याकडे जमायचे होते. दोन चुलत बहिणी, त्यांची बिऱ्हाडं, आक्का आणि दाजी, मिळून बावीस माणसं. मी आठवडाभर आधी आक्काला फोन लावला आणि सांगितलं, "ह्या वेळी तू पहिल्या पंगतीला बसायचं."

"येडा झाला का तू? भाऊबीजंला भैनीनं भावाला वाढायचं आस्तंय. मी काय पावनी हाय व्हय?"

"तू बसली नाहीस तर मी ट्रे ओव्हनमधून काढणारच नाही. बावीस माणसं उपाशी राहतील आणि ते तुझ्या डोक्यावर."

मग ती म्हणाली, "बरं, बसंन. पर बटाटा माजा घ्यायचा. बाजारातला न्हाई."

ह्याहून चांगलं काय असणार! तिचा बटाटा आणि माझी भट्टी. भाऊबीजेच्या सकाळी दाजींनी जिन्यावरून अर्धं पोतं वर आणलं. आक्काने पोत्याचं तोंड सोडून एक बटाटा माझ्या हातात दिला. तळहात भरून जाईल एवढा, गोल, अंगाला माती लागलेला. "बग, कसा हाय! औंदा असा आलाय की तुजं दाजी बी बगत राह्यलं." तिचा चेहरा फुलला होता. दर वेळी आणायचो तो बाजारातला जुना बटाटा टोपलीत तसाच राहू दिला आणि मी कामाला लागलो.

फर्स्ट पीस काढला नाही. वेळ नव्हता असं नाही, दोन तास हातात होते. पण मनात आलं, आक्काचा बटाटा, त्याचं काय तपासायचं? आणि करणारा मी, माझं काय तपासायचं? भट्टीवर असा विचार करणाऱ्या माणसाला मी दोन मिनिटं उभं राहू देत नाही.

ओवाळून झालं. हॉलमधला सोफा भिंतीला लावून चटया अंथरल्या. बायकोने पुऱ्या, मटकीची उसळ, श्रीखंड सगळं मांडून ठेवलं होतं. मधोमध पाटावर आक्का बसली, नव्या साडीत. तिला बसणं काही जमेना. शेजारच्याचं ताट सरळ कर, मिठाची वाटी उचलून पलीकडे ठेव, असं तिचं चाललं होतं. पण बसली होती. मी हातमोजे चढवले, ओव्हन उघडला, ट्रे ओट्यावर ठेवला आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी फॉइल काढली.

आत पाणी होतं. सॉस फाटून त्यावर लोणी तरंगत होतं, चीज खाली बुडालं होतं आणि चकत्या त्या पाण्यात नुसत्या पडल्या होत्या. डावाने एक चकती दाबली, तर ती चिवट लागली. हॉलमधून कोणीतरी ओरडलं, "येऊ द्या राव लवकर!" माझं डोकं तापलं. सहा वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो असा समोर आला होता. मी डाव ओट्यावर आपटला आणि म्हणालो, "बटाट्यातच दोष आहे! असल्या बटाट्याचं काय होणार!"

स्वयंपाकघर आणि हॉल ह्यांच्यामध्ये आमच्याकडे दार नाही. सगळ्यांनी ऐकलं. मी वळून बघितलं, तर आक्का पाटावरून उठत होती. तिला पहिल्या पंगतीला बसवायला मी फोनवर धमक्या दिल्या होत्या, आणि तिला उठवायला मला एक वाक्य पुरलं. बायको माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, "झालं समाधान?"

मला वाटलं आक्का आता पिशवी उचलेल. ती आत आली, ट्रेकडे बघितलं आणि पोत्यात उरलेला एक कच्चा बटाटा उचलला. अंगठ्याने त्याला जरासं घासलं. साल लगेच सुटून अंगठ्याला चिकटली.

"दोष न्हाई," ती म्हणाली. "नवा हाय. चार दिस झालं काढून. साल बी धरली न्हाई अजून. तू बाजारातला घेतुस, त्यो जुना, सुकल्याला आस्तुय. ह्याच्या पोटात पानी हाय, आन् वरनं तू झाकान लावलंस. पानी जानार कुटं?"

शॉपमध्ये लोखंडाची जात बदलली आणि भट्टी मात्र जुन्याच मापाने लावली, म्हणून मी एका ऑपरेटरला सगळ्यांसमोर झापलं होतं. मालाला नावं ठेवतोस? आधी माल कुठला आहे ते बघितलंस का, असं त्याला विचारलं होतं. तीच चूक मी माझ्या घरात, माझ्या बहिणीच्या बटाट्यावर केली होती, आणि वर नावं ठेवून मोकळा झालो होतो. चूक मला झोंबली, पण त्याहून तिचा सकाळचा तो फुललेला चेहरा आठवून जास्त झोंबलं.

मी हॉलच्या तोंडाशी गेलो आणि मोठ्याने सांगितलं, "बटाटा एक नंबर आहे. दोष माझ्यात आहे. मी न तपासता भट्टी लावली." असलं वाक्य मी घरात कधी बोललो नव्हतो. माझी मुलगी तर मोबाइल खाली ठेवून बघायला लागली.

परत आलो आणि म्हणालो, "आक्का, चुकलं."

"त्ये ऱ्हाऊ दे. आता ह्याचं काय करायचं त्ये बोल. मानसं बसल्यात."

आमच्याकडे फेल गेलेला माल लगेच भंगारात टाकत नाहीत. आधी रिवर्क, म्हणजे दुरुस्ती, होते का ते बघतात. आम्ही रिवर्क काढला. ट्रेमधलं पाणी पातेल्यात ओतलं आणि बायकोने ते गॅसवर ठेवून आटवायला घेतलं. मुलीने बाहेर सगळ्यांना चकल्या आणि चहा देऊन थोपवलं. आक्काने डावाच्या पाठीने चकत्या दाबल्या, पार चेंदामेंदा नाही, नुसत्या फोडल्या, म्हणजे आतली वाफ बाहेर पडेल. एका उंच ट्रेऐवजी दोन पसरट ताटल्या घेतल्या, पातळ थर लावला, आटवलेला सॉस वर ओतला. चीज घातलं. मी फॉइलला हात लावणार, तेवढ्यात आक्काने फराळाचा डबा उघडला आणि पातळ पोह्यांचा चिवडा मुठीत घेऊन चुरगळला.

"हे काय करतेस?"

"वर टाकती. ऱ्हायलं सायलं पानी पिऊन घील."

"अगं, कृतीत चिवडा नाही!"

"किरतीत माजा बटाटा तरी व्हता का?"

दोन्ही ताटल्यांवर चिवडा पडला. मी बटण माझ्या रेघेच्या बरंच खाली आणलं, झाकण लावलं नाही, आणि वेळ ठरवलीच नाही. बटाटा सांगेल तेव्हा काढायचं असं ठरलं.

आक्का ओव्हनसमोर स्टुलावर बसली, मी खाली फरशीवर. आतला दिवा लागलेला होता. ती काचेतून एकटक बघत होती.

"तुज्या कंपनीत आशीच भट्टी आस्ती?"

"मोठी असते. आपलं अख्खं स्वयंपाकघर आत जाईल एवढी."

"आन् तू रोज तिच्याम्होरं उबा ऱ्हातुस?"

"रोज."

माझ्या मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग तिने बोटाने चाचपून बघितला. आजवर तो डाग कोणी विचारला नव्हता, आणि मी दाखवलाही नव्हता. मग इतकी वर्षं अडलेलं ते मी विचारून टाकलं. "आक्का, तेव्हा चुलीपाशी तू सगळे बटाटे मलाच द्यायचीस. पोट भरलंय म्हणायचीस. कशानं भरायचं गं तुझं पोट?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "त्ये बग," ती म्हणाली, "कडंनी बुडबुडं यायला लागलं."

अर्ध्या तासाने चिवडा तांबूस झाला, त्यातले शेंगदाणे खरपूस दिसायला लागले आणि खालचं चीज कडेने वर चढलं. वास हॉलपर्यंत गेला असणार, कारण तिकडची बडबड थांबली. मी पहिली ताटली बाहेर काढली. पाण्याचा टिपूस नाही. आक्का लगेच उठली आणि डाव उचलला. "चल, मी वाडती. मानसं ताटकळल्यात."

मी डाव तिच्या हातातून काढून घेतला. कोपऱ्यातला, दोन्ही बाजूंनी कड असलेला तुकडा कापला, एका छोट्या ताटलीत घातला आणि तिच्यापुढे धरला.

"आदी भायेर ने," ती म्हणाली.

"तसं चालत नाही. फर्स्ट पीस पास झाल्याशिवाय लाइन चालू होत नाही. मघाशी मी तेच केलं नाही, म्हणून माल फेल गेला."

"मंग तूच बग की खाऊन."

"करणाऱ्याने स्वतःचा माल पास करायचा नसतो. नियम आहे. बटाटा तुझा, त्यातलं तुला कळतं. तू तपास."

तिने ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. जेव म्हटलं की आक्काला दहा कारणं सुचतात. काम सांगितलं की एकही सुचत नाही. सहा वर्षं मी तिला जेव जेव म्हणत होतो, तिथेच चुकत होतो. ती सावकाश स्टुलावर बसली, ताटली मांडीवर घेतली आणि पहिल्या घासावर फुंकर मारली. कडेचा पापुद्रा तिच्या दाताखाली मोडला, तो आवाज मी ऐकला.

तोवर सगळे हळूहळू उठून स्वयंपाकघराच्या तोंडाशी आले होते. कोणाच्या हातात ताट, कोणाच्या वाटी. "काय झालं आता?" एकीने विचारलं.

"थांबा," माझी बायको म्हणाली, "वन्सं तपासतायत."

आक्का खरंच तपासत होती. घास तोंडात ठेवून, डोळे बारीक करून, घाई न करता. तिने तुकडा संपवला, ताटलीला चिकटलेलं चीज बोटाने निपटून खाल्लं. मी डाव हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होतो. कंपनीत परदेशी साहेब तपासणीला आले तेव्हाही मी असं कोणाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

"काय?" मी विचारलं. "पास का?"

"एका तुकड्यावरनं काय कळतंय?" आक्का म्हणाली. "मदला दे बगू."

मी मधला दिला. तिने तोही तितक्याच मनापासून खाल्ला. मागून दाजींनी मान लांब केली. "अगं, आमाला बी मिळंल का न्हाई?"

आक्काचं तोंड भरलेलं होतं. तिने तोंडातला घास आधी नीट खाल्ला आणि मग नवऱ्याला, बहिणींना, आमच्या अख्ख्या गोतावळ्याला सुनावलं, "वाईच थांबा की! तपासतीया न्हवं!"

सगळे थांबले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच आक्का बसून जेवत होती आणि बाकीचे सगळे ताटं हातात घेऊन उभे होते. मी डाव खाली ठेवला नाही. तिची ताटली रिकामी झाली की मला वाढायचं होतं.